गोदाबायचे आंबे विलायतेला

रत्नागिरीजवळच्या मिऱ्यावरच्या गोदा मयेकरणीला आंबा नुसता हातात द्यावा. डोळे मिटून ती तो तळहातावर तोलायची, अंगठ्याने देठाजवळचे खांदे चाचपायची आणि म्हणायची, "तेरा आणे. घाई केलान कुणीतरी." यात पैशांचा काही संबंध नाही. झाडावर पुरता भरलेला आंबा सोळा आणे, आणि जितका कोवळा तितके आणे कमी, असं हे आंबेवाल्यांचं माप. बाकीच्यांचं माप अंदाजपंचे चाले, गोदाबायचं पोस्टातल्या काट्यासारखं. मांडवी बंदराजवळ आप्पा शेट्यांच्या वखारीत बारा बायका आंबे निवडायला बसत, पण शेवटचा शब्द तिचा. तिने बाजूला काढलेलं फळ पुन्हा पेटीत टाकायची खुद्द आप्पांची छाती नव्हती.

तिचा नवरा दादू बोटीवर खलाशी. तसे खलाशी मिऱ्यावर घराआड एक, पण दादूचं काम जगावेगळं. विलायतेच्या बोटीवर मांस, लोणी, फळं ठेवायची एक थंड कोठी असे, तिथे त्याची नेमणूक. तांबड्या समुद्रात बाकीचे खलाशी उघडेबंब होऊन घामाने निथळत असत, तेव्हा हा लोकरीचा कोट चढवून, कानाला मफलर गुंडाळून कामावर जायचा. "भर उन्हाळ्यात शेकोटी मागनारा घो मिळालाय माला," गोदाबाय सगळ्यांना सांगायची. बायको पेंढ्यात आंबे पिकवून उबेवर पोट भरणारी, नवरा थंडीवर. संसार मात्र झकास चालला होता.

तेहतीस साली आप्पांच्या डोक्यात विलायत शिरली. हापूस साहेबाच्या देशात पोचवायचा, तोही थंड कोठीतून. पेट्या मुंबईला जाणार, तिथून दादूच्याच बोटीने पुढे. आंबा निवडायचं काम अर्थातच गोदाबायकडे आलं. तिने आपला हिशेब मांडला. रत्नागिरीच्या बाजाराला सोळा आणे, दीड दिवसाच्या मुंबईला चौदा. मग तीन आठवड्यांच्या विलायतेला? गाव लांब तितका आंबा कोवळा, हे तिला आईने शिकवलेलं, आईला तिच्या आईने. गोदाबायने दहा आण्यांचे दगडासारखे आंबे काढले आणि वीस पेट्या भरून दिल्या.

दोन महिन्यांनी साहेबाचं पत्र आलं. आंबे गेले तसेच हिरवे उतरले, बाहेर आठ दिवस ठेवले तर सुरकुतले, आणि कापले तर आंबटढाण. लोणच्याला बरे पडतील, असं साहेबाने सौजन्याने लिहिलं होतं. आप्पांनी पत्र वखारीत वाचून दाखवलं, तेव्हा अकरा माना गोदाबायकडे वळल्या.

"माज्याकडं काय बगताव?" ती कडाडली. "हितनं आंबं जितं गेलं. त्या जल्ल्या थंडीनं मारलान."

सगळ्यांना ते लगेच पटलं. गोदाबाय चुकेल यापेक्षा यंत्र चुकेल हे मानणं सोपं होतं. आणि थंडी म्हणजे दादू! बोटीवरचे निम्मे खलाशी रत्नागिरीकडचेच. बोलणं बोटीवर पोचायला कितीसा उशीर? दादूला नाव पडलं आंबेमाऱ्या.

दिवाळीला तो घरी आला, तो भांडायच्या तयारीनेच.

"गो, थंडीत फळ मरत नाय. निजतं. निजलं तसंच उठतं. तू कच्चं धाडलंस, ता कच्चंच उठलं."

"माला आंबा शिकवू नका. तुमी होडीतलं पानी उपशीत होतात, तवापासून आंबं बगत्ये मी."

"मग आता माजी कोठी बगायला चल."

"गोठून मरायला?"

असं चार महिने चाललं. शेजारपाजारच्या बायकांची त्यात चांगली करमणूक झाली. शिमगा झाला आणि दादू बोटीवर परत निघाला. वळकटी खांद्यावर घेऊन उंबऱ्याबाहेर पडताना तो हळूच म्हणाला, "तू म्हंतेस तसं आसंल. पन बोटीवर आता नवी मानसंबी माला त्याच नावानं हाक मारतत गो."

तो हसत म्हणाला होता, पण ते हसू गोदाबायला काही गोड लागलं नाही.

इकडे आप्पांनी जाहीर करून टाकलं, यंदा शेवटचं. यंदाही आंबे फसले तर विलायतेचं नाव काढायचं नाही. तिसऱ्या दिवशी ती बंदरावरच्या विठू सोडावाल्याकडे गेली. त्याच्याकडे मुंबईच्या बोटीने भुशात पुरलेला बर्फ येत असे. जन्मात कधी सोड्याची बाटली तोंडाला न लावलेली बाई बर्फाची लादी मागते म्हटल्यावर विठू बघतच राहिला. "कुणाला ताप आलाय काय?" त्याने विचारलं. "माला," असं म्हणून ती लादी गोणपाटात गुंडाळून घेऊन गेली.

वखारीच्या मागच्या खोलीत तिने एक खोका मांडला. तळाला बर्फ, वर भुसा, भुशावर एका बाजूला दहा आण्यांचे आंबे, दुसऱ्या बाजूला चौदा आण्यांचे. दर बोटीला नवा बर्फ. पंधरा दिवसांनी तिने फळं बाहेर काढली. एक आंबा घसरून बर्फाला चिकटला होता, तो काळाठिक्कर पडलेला. "बगा! मारलान का नाय?" ती एकटीच मोठ्याने म्हणाली. बाकीचे आंबे तिने पेंढ्यात घातले आणि पाच दिवस वाट पाहिली.

दहा आण्यांचे आंबे म्हाताऱ्याच्या गालासारखे सुरकुतले. चौदा आण्यांचे पिवळेधमक झाले. त्यातला एक तिने उभ्या उभ्याच खाल्ला. रस कोपरापर्यंत ओघळला. आंबा इतका गोड होता की तिला रडूच आलं, कारण तो जितका गोड लागत होता तितकी ती चुकली होती. आणि शिक्षा भोगत होता बिचारा नवरा.

पेट्या भरायच्या दिवशी तिने चौदा आण्यांचे आंबे पुढे ओढले. आप्पांचा चेहरा उतरला.

"गोदाबाय, हा तर मुंबईचा माल! तीन आठवड्यांत याचं पाणी होईल."

"होनार नाय."

"कशावरून?"

उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं. पण बारा बायकांची मुकादमीण, भर वखारीत आपल्या तोंडाने कसं सांगणार? "माज्यावरून," ती म्हणाली आणि पेटीचं झाकण लावलं. आप्पांनी गणपतीपुळ्याच्या दिशेने हात जोडले.

आंबे गेले. पुढचे चार आठवडे गोदाबायला धड जेवण गेलं नाही. हंगाम संपत आला, वखारीत रायवळाच्या चार पाट्या उरल्या, तेव्हा एका दुपारी तारवाला शिपाई आला. आप्पांनी तार दोनदा वाचली आणि धोतराचा सोगा सावरत ओरडले, "फळ उत्तम! पुढल्या साली शंभर पेट्या!"

पेढे आले. शेजारी निवडायला बसणाऱ्या येसूबाईने भरल्या तोंडाने गोदाबायला मिठी मारली. आप्पांना तर आकाश ठेंगणं झालं होतं. "यंदा बोटवाल्यांनी थंडी नीट राखली बघा! गेल्या साली त्यांचंच चुकलं होतं. आमच्या गोदाबायचा शब्द खरा ठरला!"

पेढा गोदाबायच्या हातातच होता. तो खाल्ला असता की विषय संपला. वखारीत कुणी काही विचारणार नव्हतं, तिचं नाव होतं त्याहून मोठं होणार होतं. फक्त दूर समुद्रावर एक माणूस तिच्या चुकीची हाक ऐकून ओ देत राहिला असता. गोदाबायने पेढा पेटीच्या झाकणावर ठेवला.

"आप्पानू, थंडी गेल्या सालीबी हीच होती. आंबं मी मारलं. कोवळं धाडलं मी."

आप्पा जवळ आले, हलक्या आवाजात म्हणाले, "असू दे गो. कुणाला कळलंय?"

"माला कळलंय. एक कारड काढा. बोटीच्या पत्त्यावर लिवा."

आप्पा निमूटपणे दौत-टाक घेऊन बसले. ती सांगत गेली आणि ते लिहीत गेले. "तुमची थंडी चांगली हाय. तुमी सांगितलात ता खरं, चूक माजी. ह्या कारड सगळ्या खलाश्यांना बशीवून वाचून दाखवा. मोठ्यान वाचा."

"आणि खाली?" आप्पांनी विचारलं. "तुमची गोदा, असं घालू?"

गोदाबायने पदराने डोळे पुसले आणि पेढा उचलून तोंडात टाकला.

"खाली घाला, आंबेमारी गोदा. म्हंजे हाक मारायची तर माला मारतील."

अकरा बायका हसल्या, ती स्वतःही हसली, आणि आप्पांनी तसंच लिहिलं.