घरचं माणूस बसवा

जुनी गाडी बघायला गेलं की आमचे शेजारचे काका गाडीकडे बघायचेच नाहीत. हात पाठीमागे बांधून ते आधी मालकाच्या दारातल्या चपला बघायचे आणि विचारायचे, "घरात कोण कोण असतं?" मालकाला वाटायचं, हे गृहस्थ गाडी सोडून मुलगी बघायला आलेत की काय. तो गोंधळून आई, बायको, मुलं अशी नावं सांगायचा. मग काका शांतपणे म्हणायचे, "मग त्यातलं एक घरचं माणूस बसवा गाडीत आणि एक चक्कर मारून आणा. आम्ही इथे उभे आहोत."

एवढं बोलून हा माणूस खरोखर रस्त्याच्या कडेला उभा राहायचा. काही मालक हसायचे, काही चिडायचे. एकाने तर त्यांना फाटकाबाहेरच काढलं होतं.

हे काका अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्रायव्हर होते. साहेबांची ॲम्बॅसिडर त्यांच्याकडे होती, आणि कारखान्यात कुणाला लागलं-भाजलं की त्यालाही याच गाडीतून दवाखान्यात न्यायचे. मागच्या सीटवर त्यांनी काय काय पाहिलं असेल ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण बदलापूरच्या कुळगावातल्या आमच्या चाळीत त्यांच्याइतका भित्रा ड्रायव्हर दुसरा नव्हता. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा ते हॉर्न वाजवत जायचे. रिक्षात बसले तर रिक्षावाल्याला वळणं सांगायचे. काकी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची की हा माणूस झोपेतसुद्धा पायाने ब्रेक दाबतो. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना हसतो आणि प्रवासाला निघताना मात्र त्यांच्याच शेजारी बसतो.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी नर्सिंग करून नुकती बाहेर पडले होते. वांगणीच्या एका दवाखान्याला आसपासच्या वाड्यांवर लशी घेऊन जाणारी नर्स हवी होती. बर्फाचा डबा, औषधांची खोकी, सगळं न्यायचं, त्यामुळे गाडी स्वतःची हवी. पेट्रोल ते देणार होते. लायसन माझ्याकडे होतं, गाडी नव्हती. महिनाअखेरपर्यंत गाडी आणली तर नोकरी माझी, नाहीतर कर्जतचा एक मुलगा जीप घेऊन तयारच होता. ती नोकरी गेली असती तर पुढचं ठरलेलं होतं. आत्याने आणलेलं एक स्थळ बाबांच्या मनात भरलं होतं आणि मी रात्रंदिवस त्या स्थळाच्या धास्तीत होते.

बाबा गाडी घ्यायला तयार झाले, पण स्वस्तातली, आणि काकांनी हो म्हटलं तरच. एका संध्याकाळी काका जयभीम करून आत आले, चहा घेतला आणि म्हणाले की पोरीला गाडी देण्याएवढी मला कशाचीच भीती वाटत नाही. मला वाटलं, संपलं सगळं. पण उठता उठता ते म्हणाले, रविवारी गाड्या बघायला निघू.

मग सुरू झाल्या आमच्या रविवारच्या फेऱ्या. बाबांचा प्रश्न एकच, लिटरला किती देते? काकांचा तुम्हाला माहीतच आहे. पहिली गाडी अंबरनाथला होती. पांढरी, चकचकीत, बाबांना बघताक्षणी आवडली. काकांनी घरचं माणूस बसवायला सांगितलं तर मालक म्हणाला, सगळे लग्नाला गेलेत. आतून कुकरची शिट्टी ऐकू आली. काकांनी नमस्कार केला आणि चालू लागले. त्या गाडीत खोट होती की नव्हती, देव जाणे. बाबा दोन दिवस काकांशी धड बोलले नाहीत.

दुसरी बदलापुरातच होती. मालकाने आढेवेढे न घेता बायकोला बसवलं. ती माउली बसली ती दोन्ही हातांनी दार घट्ट धरून. गाडी अजून सुरूही झाली नव्हती. काका माझ्या कानाशी म्हणाले, "तिला ठाऊक आहे." वळणावर ते दार उघडलंच, आम्ही सगळ्यांनी पाहिलं. बाई सवयीने आतून ओढून धरत राहिली.

आणि महिना संपत आला. मी रोज कॅलेंडरकडे बघून उरलेले दिवस मोजायचे.

तिसरी गाडी उल्हासनगरला मिळाली. हिरवी पद्मिनी, रंग उडालेला, पण इंजिन गोड. विकणारा सिंधी व्यापारी काकांचं ऐकून खूश झाला. "साईं, मेरी माँ को बिठाता हूँ," म्हणाला आणि पांढऱ्या साडीतल्या म्हातारीला हाताला धरून घेऊन आला. गाडी अर्ध्या तासाने परत आली तेव्हा म्हातारी मागच्या सीटवर गाढ झोपली होती. काकांचा चेहरा मी इतका सैल कधी पाहिला नव्हता. झोपली म्हणजे गाडी चांगली, घ्या, म्हणाले. व्यापाऱ्याने विश्वासाने दोन दिवस गाडी चालवून बघायला दिली.

मला मात्र खुमखुमी आली. इतके दिवस ज्या माणसाने लोकांच्या आया-बायकांना गाडीत बसवलं, त्याला मी चाळीत सगळ्यांसमोर म्हटलं, "काका, आता तुमच्याही घरचं कुणीतरी बसवा." चाळ हसली. काका हसले नाहीत. ते आत जाऊन काकीला घेऊन आले. नवऱ्याने जन्मभर गाडी चालवली, पण काकी त्या दिवशी पहिल्यांदा मोटारीत बसत होती. तिने नवं लुगडं नेसलं होतं.

आम्ही बारवी धरणाच्या रस्त्याला गेलो. मी चालवत होते, काका शेजारी, काकी मागे. जाताना सगळं छान झालं. परतीच्या उतारावर मी ब्रेक दाबला तर पाय नेहमीपेक्षा खोल गेला. पुन्हा दाबला, तर थेट खाली टेकला आणि गाडी होती त्याच वेगाने पळत राहिली. खाली वळण होतं आणि वळणावर डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेतलेल्या बायका ओळीने चालल्या होत्या.

 मी काकांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण आवाज खालच्या पट्टीतच होता.

"काका, भीती वाटते," मी म्हटलं.

"भी तू, खुशाल भी. पण स्टेअरिंग सोडू नकोस. गिअर खाली घे. आणखी खाली."

एका हाताने ते हॉर्न दाबत होते आणि दुसऱ्याने हँडब्रेक थोडा थोडा ओढत होते. इंजिन ओरडलं, काकीचं डोकं माझ्या सीटवर आपटलं, बायका मोळ्या टाकून चरात उतरल्या. डावीकडे रस्त्याच्या कामाच्या खडीचा ढीग होता. काकांनी त्याच्याकडे नुसता हात केला. मी गाडी त्यात घातली आणि ती थांबली.

काका उतरले आणि त्या खडीवर बसून लहान मुलासारखे थरथरायला लागले. कपाळाला टेंगूळ आलेली काकी त्यांना पाणी पाजत होती. मोळीवाल्या बायका जमल्या, त्यांतली एक मला शिव्या देत होती आणि दुसरी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.  आपण माणसं मारली असती, हे सोडून डोक्यात काही येत नव्हतं.

मेकॅनिकने सांगितलं की ब्रेकच्या सिलिंडरमधलं रबर गेलं होतं. व्यापाऱ्याने कानाला हात लावला, सगळं काम स्वतः करून दिलं, आणि खाली मान घालून म्हणाला, "माँ को सुनाई नहीं देता, साईं. वो तो रिक्शा में भी सो जाती है." म्हातारीला ऐकू येतं का, हे विचारायचं काकांना सुचलंच नव्हतं. इतरांच्या घरच्यांवर एवढा भरवसा ठेवणारा माणूस तिथेच फसला.

गाडी खडीत गेली त्याच संध्याकाळी काकांनी येऊन बाबांना सगळं सांगितलं. उतार, बायका, खडी, काही लपवलं नाही. बाबा म्हणाले, नको ती गाडी आणि नको ती नोकरी. मी स्वयंपाकघराच्या दारामागे उभी होते आणि खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं. पुन्हा त्या स्टेअरिंगला हात लावायची माझी तयारी नव्हती.

काका म्हणाले, "गाडीची खात्री मी आता कुणालाच देणार नाही. हिची देतो. ही भ्याली आणि तरी हिने हात सोडला नाही. उद्यापासून माझ्या मंडळीला हिच्या गाडीत बसवीन."

बाबांनी उठून कपाटातून पैसे काढले. गाडी आली, नोकरी मिळाली.

त्यानंतर कित्येक वर्षं मी वांगणीहून परत येताना बाजाराच्या वळणावर काका उभे दिसायचे. हातात भाजीची पिशवी. माझी गाडी दिसली की वळायचे आणि घराकडे चालू लागायचे, हात करायचे नाहीत, थांबवायचे नाहीत. मला उशीर झाला की त्यांनाही व्हायचा. काकी म्हणायची, एक कोथिंबिरीची जुडी आणायला या माणसाला दोन तास लागतात. 

ते गेले छातीच्या दुखण्याने, दोन दिवसांत. त्यांच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर मी पुन्हा कामावर गेले. परत येताना दिवेलागण झाली होती. वळणावर भाजीवाल्या होत्या, गिऱ्हाइकं होती, ते नव्हते. एवढी वर्षं माझ्या वाटणीची भीती हा माणूस तिथे उभा राहून सोसत होता. ती सगळी त्या संध्याकाळी एकदम माझ्याकडे आली. बाजारापासून चाळीपर्यंतचा तो सरळ, रिकामा रस्ता मी पहिल्या गिअरमध्ये, हॉर्न वाजवत गेले.