दुर्बिणीचा पहिला पेशंट

बुधवारा पेठेतल्या त्या छोट्या इस्पितळात चारुलताबाई सत्तावीस वर्षं ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर होत्या. किती डॉक्टर आले नि गेले, बाई जागच्या हलल्या नाहीत. भीडभाड म्हणून ठेवायची नाही, हा त्यांचा स्वभावच.

यंदा डॉक्टर निरंजन इंदूरहून दुर्बिणीनं हर्नियाचं ऑपरेशन करायला शिकून आले. शिबिर अवघं तीन दिवसांचं, पण स्वारी हवेत! लगेच दारावर पाटी लागली, ‘बिना चीरफाड़ ऑपरेशन’. ती वाचून जवळच्या शाहपूरचा दगा नावाचा हमाल आला. केळीचे घड वाहून वाहून त्याच्या जांघेत गाठ उतरली होती. लवकर कामाला लागायचं, एवढंच त्याच्या डोक्यात. डॉक्टरांसमोरच संमतीच्या कागदावर तो अंगठा उमटवणार, तोच बाईंनी कागद मागे घेतला.

“दगाभाऊ, असं ऑपरेशन डॉक्टरसाहेब पहिल्यांदाच करताहेत. सांगितलं का तुम्हाले?”

डॉक्टरांचा चेहरा उतरला. दगानं विचारलं, “बाई, तुमचा सख्खा भाऊ राहता तं काय केलं असतं?”

“साहेबांना शिकवणारे सर शेजारी असल्याशिवाय त्याले टेबलावर झोपू दिलं नसतं.”

डॉक्टरांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. “पेशंट के सामने? माझी इज्जतच घालवली तुम्ही!”

बाईंचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्या एकटीच्या पगारावर. तरी त्या म्हणाल्या, “सर, इज्जत तुमची, पण पोट त्याचं आहे.”

दोन दिवस डॉक्टरांनी दगाचं ऑपरेशन पुढं ढकललं. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच पाटी उतरवली आणि इंदूरला फोन लावला.

पंधरा दिवसांनी शिकवणारे सर आले. आधीच ठरलं, पाऊण तासात जमलं नाही तर हट्ट करायचा नाही, नेहमीसारखा छेद घ्यायचा. दगालाही ते समजावलं. वेळ बाईंनी बघायची.

पाऊण तास झाला. डॉक्टरांना आत वाट सापडेना. “आणखी पाच मिनिटं,” ते म्हणाले. बाईंना त्यांची फार दया आली, तरी त्या त्यांना म्हणाल्या,

“सर, वेळ झाली.”

डॉक्टरांनी दुर्बीण बाहेर काढली आणि नेहमीसारखा छेद घेतला.

संध्याकाळी ते दगाच्या खाटेशी स्टूल ओढून बसले. बाई औषध घेऊन मागे उभ्या होत्या. “दगाभाऊ, मला दुर्बिणीनं जमलं नाही. कापावं लागलं.”

दगानं चादरीखाली हात घालून पट्टी चाचपली.

“पहिल्याच दिवशी तुमी सोता सांगतलं असतं ना साहेब,” तो म्हणाला, “तरी बी मी तुमच्याकडेच आलो असतो.”