सांगून चोरलेली होळी

"बाई, काय पढवलंत पोरांना?" पाटील वर्गात शिरले आणि थेट माझ्या खुर्चीवर बसले. मी उभी. "शिमगा चार दिवसांवर आला, आनि सातवीचा एक पोरगा लाकूड चोरायला जात नाय!"

मुलं चोरी करत नाहीत अशी तक्रार घेऊन आलेला गृहस्थ मी जन्मात तेवढा एकच पाहिला.

पाटील आमच्या शाळा कमिटीचे अध्यक्ष. शाळा पोलादपूरजवळच्या गावातली, जिल्हा तेव्हाचा कुलाबा, आणि काळ एकोणीसशे तिशीच्या आसपासचा. मी बावीस वर्षांची, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून ताजी आलेली. शहाणपण माझ्यापासूनच सुरू होतं, अशी माझी पक्की समजूत. नेमणूक मात्र कच्ची. म्हणजे वर्षाअखेर कमिटी शेरेबुकात जो शेरा मारील, तो वाचून लोकल बोर्ड मला ठेवणार किंवा घरी धाडणार. घरी काकांनी माझ्यासाठी एक बिजवर हेरून ठेवला होता. त्याला चार मुलं होती आणि तपकिरीची सवय.

आठवड्यातून एक तास नीतिपाठाचा असे. मी त्यासाठी एक तक्ता केला होता: एका बाजूला सण, दुसऱ्या बाजूला सद्गुण. संक्रांतीला गोड बोलणं. नागपंचमीला भूतदया. शिमग्यापुढे मी टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'प्रामाणिकपणा'. होळीला लाकूड चोरतात हे मला कळलं होतं. मग काय विचारता! सातवीच्या, म्हणजे फायनलच्या वर्गातली अकरा पोरं, काहींना मिसरूड फुटलेलं, त्यांना घेऊन मी नदीवर गेले. सावित्रीचं पाणी ओंजळीत घ्यायला लावलं आणि शपथ वदवून घेतली: काडीसुद्धा चोरणार नाही. वरून टाचणात, म्हणजे पाठाच्या तयारीच्या वहीत, लिहिलं, 'उद्देश सफल.'

"पण पाटील, लोकांनी आपणहून लाकडं द्यावीत की," मी म्हटलं.

"होळीला लाकूड देत नाय कोन. होळीला चोरतात. वाडवडलांपासून तसंच हाय. मालकानं शिव्या घालाव्यात, पोरांनी पळावं." पाटील उठले. "नदीपलीकडची वाडी गेल्या साली आमच्यावर हसली. औंदा त्यांची होळी आमच्याहून उंच झाली, तर शेरा काय पडंल ते तुमी समजा."

मी समजले. बिजवर डोळ्यांपुढे शिंकला.

दुपारी मी मुलांपुढे उभी राहिले आणि घसा साफ केला. "हे पाहा, शपथ म्हणजे... प्रसंग पाहून, सणापुरती थोडी सैल..."

अकरा तोंडं उघडी पडली. धोंडू नावाचा सगळ्यांत थोराड पोरगा म्हणाला, "बाई, सावित्रीचं पानी हातात घेतलंय आमी. तुमीच दिलंत नव्हं?"

मला खाली बसावंसं वाटलं. बसले.

"तुमी गप ऱ्हावा बाई," धोंडू समजुतीनं म्हणाला. "आमी बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी, भर उन्हात, सगळी आळी बघत असताना, ती अकरा पोरं हौसाआजीच्या दारात उभी राहिली. मी मागे. ही म्हातारी दर शिमग्याला लाकडांवर घोंगडी टाकून झोपायची, हातात कोयता घेऊन.

"आजी गो, तुजं लाकूड चोरायला आलोय. कुठलं नेऊ?" धोंडूनं विचारलं.

"काय?"

"इचारून चोरतोय. तू फकस्त तोंड फिरव आनि शिव्या घाल. मंग रीत मोडत नाय."

"मेल्यांनो, आजवर कोनी इचारलं नाय रे मला!" मग तिनं काटक्यांच्या ढिगाकडे बोट केलं, आणि तेवढ्यात समोरची शेजारीण ओट्यावर येऊन बघते आहे हे तिच्या ध्यानात आलं. बोट सरकत सरकत फणसाच्या ओंडक्यावर गेलं. "तो न्या. हौशीच्या दारात काटक्याच व्हत्या, असं नको कोनी म्हनायला!" तिनं तोंड फिरवलं आणि अशा शिव्या घातल्या, की मी कानांवर हात ठेवले. पोरं ओंडका घेऊन पळाली.

मग समोरच्या शेजारणीला काटक्या दाखवणं शक्यच नव्हतं. तिनं आंब्याचं खोड दिलं. तिच्या जावेनं दोन दिली. आजवर चोरांच्या हाती लागायचं ते परसातलं उरलंसुरलं. चांगलं लाकूड लोक आधीच लपवायचे. आता चारचौघांत विचारल्यावर वाईट लाकूड कोण काढणार?

माझ्या खोलीपाशीही वरात थांबली. पावसाळ्यासाठी सुकं जळण मी पलंगाखाली भरून ठेवलं होतं. "मी बाहेरगावची रे," मी म्हटलं.

"बाई, तोंड फिरवा."

फिरवलं. शिव्या मला येत नव्हत्या, म्हणून मी सत्तावीसचा पाढा रागारागानं म्हटला. वळून पाहते तो पलंगाखाली एक घाबरलेली पाल.

शेवटचं घर पाटलांचं. नव्या दारासाठी राखलेला ऐनाचा वासा अंगणात आडवा पडला होता आणि सगळं गाव कुंपणाशी उभं होतं.

"पाटील, चोरू का?" धोंडूनं विचारलं.

पाटलांनी गावाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. ते पाहणं मी अजून विसरले नाही. मग हळूहळू तोंड फिरवलं आणि शिव्या घातल्या, त्यातल्या दोन मला उद्देशून असाव्यात.

पौर्णिमेला तिन्हीसांजेला होळी पेटली. पलीकडच्या वाडीची माणसं नदी ओलांडून बघायला आली. "औंदा लय चोरी केलीत!" त्यांचा म्होरक्या म्हणाला.

"एक काडी नाय," पाटील छाती काढून म्हणाले. "आमच्या शाळेची पोरं हायत ती."

वर्षाअखेर शेरेबुकात ओळ आली, 'बाई बऱ्या आहेत.' नेमणूक पक्की झाली. बिजवरानं दुसरीकडे पाहिलं.

पुढे तीस वर्षं मी नीतिपाठ घेतले. नव्या मास्तरांना एवढंच सांगेन: मुलांकडून शपथ घेण्याआधी नीट विचार करा. ती पाळतात.