आमच्या हौदाला पाच तारे

"पूल कुठंय? ओ काका, स्विमिंग पूल कुठंय?"

माणूस इतक्या जोरात ओरडत होता की नागफणीच्या सुळक्यावरची माकडं कान झाकून पलीकडं कोकणात उतरली. मी टेम्पोतून रिसॉर्टच्या मळक्या चादरींची गाठोडी उतरवत होतो. समोर हा, आणि त्याच्या मागं गाडीतून उतरलेलं खानदान. बायको, दोन पोरं, सासू आणि हवा भरलेलं प्लॅस्टिकचं बदक. असलं बदक मी जन्मात पाहिलं नव्हतं. आमची म्हैस त्यात मांडी घालून बसली असती.

"पूल नाही," मी म्हणालो. "म्हशीचा हौद आहे."

त्यानं मोबाईल माझ्या नाकाला लावला. अॅपवर पत्ता कुसगावातला, आमच्याच घराचा. नकाशावर लाल टाचणी बरोबर आमच्या अंगणात रुतलेली. फोटोत मात्र भलताच बंगला आणि निळंशार पाणी. बिचारा आगाऊ पैसे भरून बसला होता. ज्याला भरले तो कालपर्यंत मेसेजवर साखर पेरत होता, आज फोन बंद.

मी समजावायला तोंड उघडणार, तोवर आई तांब्या घेऊन बाहेर आली.

"आदी पानी प्या. मंग भांडा."

तिथंच आमचं वाटोळं झालं.

पाण्यामागून चहा आला, चहामागून पिठलं-भाकरी. दारात आलेलं माणूस तोंड वाळवून परत पाठवायचं, हे आईला जमतच नाही. एकदा वीज तोडायला आलेल्या वायरमनला तिनं आधी जेवू घातलं होतं. पोरं बदकासकट हौदात डुंबली. म्हैस बाजूला उभी राहून, भाडं कुणाकडं मागावं या विचारात पडली. जाताना तो ओरडणारा आईच्या पाया पडला आणि त्यानं तिच्याबरोबर फोटो काढला.

पुढच्या शनिवारी दोन गाड्या आल्या. त्याच्या पुढच्या शनिवारी एवढी रांग लागली की एक्स्प्रेसवेवरचे ट्रकवाले वाट चुकून आमच्या गल्लीत टोल भरायला उभे राहिले. मी रस्त्यावर पाटी लावली, 'हा बंगला नाही'. लोक पाटीपाशी सेल्फी काढायला लागले.

मग मी कंपनीच्या मागं लागलो. सरकारचा नियमच आहे, ऑनलाइन धंदा करणाऱ्या कंपनीनं तक्रार निवारण अधिकारी नेमायचा आणि त्याचं नाव सगळ्यांना दिसेल असं लावायचं. नाव दिसलं. अधिकारी दिसला नाही. तक्रार मिळाल्याचा निरोप मात्र मी बटणावरून बोट उचलायच्या आत आला. बऱ्याच दिवसांनी एका मुलीचा फोन आला.

"सर, आम्ही फक्त मध्यस्थ आहोत. जाहिरात दुसऱ्याने टाकली आहे. कोर्टाचा आदेश आणलात तर काढू."

"अगं बाई, घर माझं आहे!"

"हो सर. म्हणजे जागा खरी आहे. पाहुण्यांनीही तसंच लिहिलंय. पाच तारे आहेत."

मी वाचायला घेतलं. 'पूल नाही. बंगला नाही. पण आजींचं पिठलं! एकदा तरी जाच.' दुसऱ्यानं लिहिलेलं, 'फसवणूक झाली असं आधी वाटलं, मग ठेचा आला.' असे तारे, की आमच्या हौदावर अख्खं आभाळ उतरलेलं. आणि तो भामटा काय बेणं म्हणावं! पाहुण्यांनी टाकलेला आईचा भाकरी थापतानाचा फोटो त्यानं उचलून जाहिरातीत पहिला लावला. पूल दुसऱ्या नंबरला गेला.

इथवर मी हे गावात रंगवून सांगत होतो. पारावर लोक हसून लोळायचे. बायको म्हणायची, "तुमच्या घराची एवढी चौकशी माझ्या बापानं केली असती, तर मी वाचले असते." मीही हसायचो.

मग रिसॉर्टच्या मॅनेजरनं बोलावलं. चादरींचा नवा करार करायचा तर पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला हवा, सोमवारपर्यंत. नाहीतर काम तळेगावच्या लाँड्रीला. या एका कामावर आमचा टेम्पो चालतो, आणि टेम्पोवर घर.

पोलीस ठाण्यात सायबरचं काम बघणारे हवालदार भले माणूस. त्यांनी मान हलवली.

"पैसे बुडालेल्या एकाची फसवणुकीची तक्रार आलीय. पत्ता तुमचा. ती निकाली निघेपर्यंत दाखला अवघड आहे."

"साहेब, मी कुणाचा चहासुद्धा फुकट घेत नाही!"

"तुम्ही घेत नाही, पण देता. लोक येऊन जेवून गेलेत. आईंचा फोटो जाहिरातीत आहे. मी काय समजायचं?"

"त्या भामट्याचे मेसेज काढा की. सगळं कळेल."

"मेसेजला या टोकाला कुलूप, त्या टोकाला कुलूप. मधल्या कंपनीलाही दिसत नाही म्हणतात. सरकारचं आणि त्यांचं त्यावरनं भांडण चालूच आहे. मिटेल तेव्हा मिटेल."

म्हणजे चोराच्या गोड बोलण्याला दोन्हीकडून कुलूप, आणि माझ्या अंगणात अख्ख्या महाराष्ट्राला दिसेल अशी टाचणी. मी हातापाया पडलो तेव्हा हवालदार हळूच म्हणाले, "एक करा. पुढच्या लोकांना दारातनंच परत लावा. पाणीसुद्धा देऊ नका. चिडले की ते कंपनीच्या नावानं बोंब मारतील, इथं येऊन सांगतील, त्या घरानं दारातही उभं केलं नाही, त्यांचा संबंध नाही. मग मला काहीतरी लिहिता येईल. आत्ता सगळे तुमच्या आईचं कौतुकच करतायत."

येताना मी टेम्पो खंडाळ्याच्या बाजूला लावला, मागं चादरींच्या ढिगात जाऊन बसलो आणि रडलो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पूर आला, चादरी वाहत कर्जतला गेल्या, असं काहीतरी सांगायची माझी सवय. पण त्या दिवशी नुसताच रडलो. दुसऱ्यांच्या सुट्टीचा वास येत होता, परफ्यूमचा आणि सांडलेल्या चिकन मसाल्याचा.

शनिवारी सकाळी आईच्या चुलीपुढं बसलो. तिला कंपनी सांगितली, मध्यस्थ सांगितला, कुलूप सांगितलं. तिला कळावं म्हणून जरासुद्धा वाढवून बोललो नाही. म्हटलं, "आई, तू पाणी दिलंस की तारा पडतो. तारा पडला की तो चोर मोठा होतो आणि तुझा लेक चोर ठरतो. एवढा एक शनिवार. दार लावून घेऊ. सोमवारी काम गेलं तर टेम्पो जाईल गं." तिच्या पायावर डोकं ठेवलं.

"तुज्यावर आळ आलाय व्हय रं?" ती म्हणाली.

"व्हय."

"लय वाईट झालं." तिनं माझ्या डोक्यावरून पिठाचा हात फिरवला. मी उठून दाराला कडी लावली.

मग गाडी वाजली. यावेळी कुणी ओरडलं नाही. पावलं अंगणात आली, थांबली. एक म्हातारा खोकला. कुणीतरी कुणाला तरी म्हणालं, नकाशात तर हेच दाखवतंय. कडीवर हात ठेवून मी आईकडं पाहिलं. हात जोडले. डोळ्यांनीच म्हटलं, नको.

आई परातीत पाणी ओतत होती.

"जनं किती हायेत ते बगून ये," ती म्हणाली. "पीठ त्या मापानं घेते."