भिकनच्या बारागाड्या

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. घेत नाही, लिहिते. भिकन जीवराम चौधरी. आधीची दोन लेकरं गेली, म्हणून सासूबाईंनी ह्यांना जन्मल्याबरोबर शेजारणीच्या ओटीत टाकलं आणि पसाभर ज्वारी देऊन परत मागून आणलं. मागून आणलेला म्हणून भिकन. हे बी.कॉम. झाले, सावद्याच्या टायपिंग क्लासात बोटं बडवली आणि चौऱ्याण्णव साली क्लासच्या मालकानं, रतिलालशेठनं, तिथंच कॉम्प्युटरचा क्लास काढला, तेव्हा तिथं शिकवायला लागले. गावात केळीची बाग असून हा माणूस त्या डब्यापुढे काय बसतो, असं भाऊबंद म्हणायचे. मला डब्याचा राग नव्हता. मला राग होता ह्यांच्या धडकण्याचा. चालता चालता विचार करायचे, आणि मग दाराच्या चौकटीला कपाळ, खाटेच्या पायाला अंगठा, परसातल्या दोरीला मान. "अहो, समोर बघा की!" हे वाक्य मी लग्नात उखाणा म्हणून घेतलं असतं तरी चाललं असतं.

आणि अशा माणसाला वेड कशाचं लागावं? तर धडक ओळखण्याचं! खेळात एक वस्तू दुसरीला लागली, हे कॉम्प्युटरला कळतं कसं, ह्याचं. एकदा मी भाकरी थापत होते, तर हे समोर पाट नि ताट मांडून बसले.

"सुनंदा, कॉम्प्युटरला डोळे नसतात. तो प्रत्येक वस्तूभोवती एक चौकोन धरतो. हा पाट एक चौकोन, हे ताट दुसरा. एकाची कड दुसऱ्याच्या आत शिरली, की झाली धडक. तो नुसत्या कडा तपासत राहतो, भराभर."

"मग तुमच्याभोवती पण काढा एक चौकोन, नि आपल्या दाराला सांगून ठेवा," मी म्हटलं.

हे खो खो हसले. तोवर भाकरी करपली, आणि सासूबाईंची बोलणी कोणी खाल्ली? मी.

पण त्या वर्षी घरात एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. माझे सासरे, जीवराम आबा. आमच्या गावात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मरीमातेच्या बारागाड्या ओढतात. बारा बैलगाड्या, बैल सोडलेले, एकीमागे एक बांधलेल्या, वर माणसं खच्चून भरलेली, आणि त्या ओढायला पुढे भगत. त्याला दोन्ही बाजूंनी धरून दोघं पळतात, त्यांना बगले म्हणतात. आमचे भगत म्हणजे आबा. त्यांच्या गाड्यांचा आजवर कुणाला साधा धक्का लागला नव्हता, आणि आबा ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. दिवाळीनंतर आबा बागेत ओल्या बांधावरून घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं. भुसावळचे डॉक्टर म्हणाले, "आता दोघांनी दोन्हीकडून धरून रोज चालवा. नाही चालले तर गुडघा आखडेल, आणि मग माणूस कायमचा खाटेवर."

आबा म्हणाले, "जीतेपनी मले धरून नेता का? मेल्यावर चौघं हायेतच."

आणि भिंतीकडे तोंड करून पडले. कोणी हात लावायला गेलं, की काठी उगारायचे. सासूबाईंनी रडून पाहिलं, ह्यांनी पाया पडून पाहिलं. आखाजी जवळ आली, तशी गावानं त्या सालची बारागाड्यांची जबाबदारी आबांच्या पुतण्याला, चुडामणला दिली. मग तर आबांनी बोलणंच सोडलं. गुडघा दिवसेंदिवस लाकूड होत चालला होता. मी शेकायला गरम पाणी ठेवायचे, ते तसंच गार व्हायचं.

क्लासला सुट्टी लागली आणि ह्यांनी शेठला गळ घालून कॉम्प्युटर घरी आणला. बैलगाडीत केळीच्या पानांची गादी केली, वर पोतं पांघरलं, आणि स्वतः शेजारी बसून त्याला दोन्ही हातांनी कवटाळून आले. माझी वरातसुद्धा एवढ्या जपून आणली नव्हती. ठेवला कुठे? आबांच्या खाटेसमोर, पत्र्याच्या पेटीवर.

"बारागाड्यांचा खेळ करतो आहे," मला हळूच म्हणाले. "आबा बोटांनी ओढतील."

मी कपाळाला हात लावला. पाय आखडायला लागलाय, आणि आमचे हे बोटांची सोय करतात!

खेळ सुरू झाला आणि लगेच टींऽऽ वाजलं. पडद्यावर अक्षरं आली, 'धडक'. ठिपक्याला ठिपका जोडून ती ह्यांनीच काढली होती, रांगोळीसारखी. पुन्हा सुरू केलं, पुन्हा टींऽऽ. गाडी जागची हलायच्या आधीच! हे डोकं खाजवत बसले. मग एकदम मांडीवर थाप मारून ओरडले, "अगं, आपल्या गाड्या बांधलेल्या आहेत ना! एकीला दुसरी लागलेलीच असणार." मोटारींच्या खेळात गाडीला गाडी लागली म्हणजे अपघात. हे तेच नियम घेऊन बसले होते. मग बांधलेल्या गाड्या एकमेकींशी तपासायच्या नाहीत, असं त्या डब्याला समजावून सांगावं लागलं.

त्यानंतर ह्यांनी वेग वाढवला. तर गाड्या जत्रेतल्या भजीवाल्याच्या दुकानातून आरपार निघून गेल्या! ना टींऽऽ, ना धडक.

"एकदा तपासलं तेव्हा गाडी दुकानाच्या अलीकडे होती, पुढच्या वेळी तपासलं तर पलीकडे. मधलं त्यानं बघितलंच नाही," हे म्हणाले.

"तुमच्यावरच गेलाय," मी म्हटलं.

तेही दुरुस्त झालं. आता गाडी कितीही जोरात असो, मध्ये कोणी आलं की टींऽऽ व्हायचं. आणि ह्यांच्या हातून सारखं व्हायचं. ह्यांना खऱ्या रस्त्यावर चालता येत नाही, पडद्यावर काय येणार? टींऽऽ, टींऽऽ, टींऽऽ. माझे कान किटले.

"कोन धडकून राह्यलं रे?"

आबा बोलले होते. भिंतीकडेच तोंड करून, पण बोलले होते. सासूबाई चुलीपुढून तशाच उठून आल्या.

"तुमच्या गाड्या आहेत, आबा. बारागाड्या," हे म्हणाले.

"माह्या?" आबा कोपरावर जोर देऊन वळले. "माह्या गाड्या कोनाले धक्का नही मारत! आन इकडं."

ह्यांनी कीबोर्ड त्यांच्या पुढ्यात ठेवला. केळीच्या चिकानं काळं पडलेलं बोट बटणावर टेकलं, आणि पडद्यावरचा पिवळ्या फेट्याचा भगत पळायला लागला. आबांनी भजीवाला चुकवला, पाळणा चुकवला, मध्ये आलेली शेळीसुद्धा चुकवली. मला तर हसू आवरेना. आबांच्या मिशीतही काहीतरी हललं. मग एकदम बोट उचललं.

"हा एकटाच कसा? बगले कुठं हायेत?"

"खेळात कशाला लागतात बगले?"

"येडा हायेस का? बगल्याबिगर भगत पयतो का कधी? तोंडावर पडीन ना तो!"

झालं. हे बगले काढायला बसले आणि आबा सांगायला. हात इथं, मान अशी, पाऊल भगताच्या पावलाबरोबर. सांगता सांगता आबा उठून बसले, पाय खाटेखाली सोडले, सासूबाईंनी हातात दिलेली भाकरी खाऊन टाकली, आणि ह्यातलं काहीच त्यांच्या ध्यानात नव्हतं. आम्ही तिघं एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. बघितलं तर मोडेल, असं वाटत होतं.

बगले तयार झाले. आबांनी बटण दाबलं.

टींऽऽ. धडक.

बगल्यांनी भगताला धरलं होतं ना! कॉम्प्युटरला वाटलं, त्याला दोन माणसं येऊन आदळली. आबांनी काठी उचलली ती थेट पडद्यावर.

"मूर्खा! ते धरून राह्यले त्याले! धरनं म्हंजे धडक व्हय का?"

ह्यांनी कॉम्प्युटरला मिठी मारली. आणि मला, दारात उभी होते मी, मला राहवलं नाही. सासऱ्यांपुढे डोक्यावर पदर घेऊन हळू बोलायची माझी रीत. त्या दिवशी पदरही सुटला नि आवाजही.

"मग आमचं धरणं तेवढं धडक वाटतं का तुम्हाला? त्या ठिपक्याच्या भगताला बगले पाहिजेत, आणि तुम्हाला नकोत? आम्ही कधीपासून हात पुढे करून उभे आहोत, आबा! इतकी वर्षं गाड्या ओढल्या, तेव्हा कोणी धरलं नव्हतं का? बगल्यांनी धरलं तर मान, आणि सुनेनं धरलं तर मयत?"

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. पडद्यावर ती धडक तशीच लुकलुकत होती. आबा माझ्याकडे बघत राहिले, आणि मला वाटलं, आता काठी माझ्यावर.

त्यांनी काठी खाटेवर आडवी ठेवली.

"उजव्या अंगाले कोन राहीन?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हटलं.

"कोपर खालून धर. वरून नही. बगल्याले एवढं तरी समजाले पाह्यजे."

डावीकडून ह्यांनी धरलं. आबा उभे राहिले, "माय वं!" म्हणून ओरडले, आणि खाली बसले नाहीत. ताठ झालेला गुडघा जेवढा वाकला, तेवढा वाकवून एक पाऊल टाकलं. मग दुसरं. दारातून तिघं एकदम मावेनात, म्हणून आडवे होऊन बाहेर पडलो. गल्लीत आल्याबरोबर आबांनी आवाज दिला, "हटाऽऽ! बाजूले व्हाऽऽ!" बायका घमेली उचलून ओट्यावर चढल्या. सासूबाई पुढे पळत रस्त्यातली कोंबडी हाकलत होत्या आणि रडत होत्या. ह्यांच्याही डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण तोंडानं पुटपुटत होते, "बगल्यांना पण बांधलेल्यांत घ्यायला पाहिजे होतं, ते राहिलंच."

"पुढं पाह्य रे!" आबा ओरडले.

मरीमातेच्या पारापाशी चुडामण गाड्यांच्या चाकांना वंगण घालत होता. आबांना पायांवर आलेलं बघून त्यानं डबा टाकला आणि धावत आला, माखलेले हात तसेच पुढे करून.

"आबा, मी धरू का?"

"लांब राह्य," आबा म्हणाले. त्यांना धाप लागली होती आणि ते हसत होते. "मले बगले हायेत."