बिनचुलीची खोली

पूर्णेच्या गीताबाईनं अर्धा मुलूख पाहिलाय, पण ओट्यापाशी उभं राहून. हैदराबादला गेली, तर चारमिनार काही तिच्या नजरेस पडला नाही. नवऱ्याच्या मावसभावाच्या घरातला ओटा पडला, आणि त्यावर पोळ्यांची चळत, तीही तिनंच लाटलेली. लेणी बघायला वेरूळला निघाले, तर ज्या घरी उतरले तिथं नेमकी बाळंतीण. नवरा लेणी बघून आला, ही डिंकाचे लाडू वळून आली. नागपूरला दीक्षाभूमीला तेवढी जाऊन आली खरी, पण तेही घरातल्या बाईनं कुकर लावला तेवढ्या वेळात.

याला जबाबदार एकच माणूस, तिचा नवरा चंद्रभानराव. ते रेल्वेत टीसी होते. जन्मभर पूर्णा जंक्शनच्या फाटकाशी उभे. तिकीट हातात घ्यायचं आणि विचारायचं, "कुठं जायलाव? तिथं कुणाकडं उतरणार?" लोकही बिचारे सांगायचे. अशानं अख्ख्या मराठवाड्याचं गणगोत या माणसाच्या डोक्यात जाऊन बसलं. बरं, बसलं तर बसलं, पण त्यातून साहेबांनी एक कायदा काढला : गावात आपलं माणूस असताना लॉजवर उतरायचं नाही. उतरलात तर लोक तोंडात शेण घालतील. आणि यांना आपलं माणूस नाही असं गाव कुठाय हो? कुणीच नसलं तर यांच्या साडूच्या शेजाऱ्याचा जावई तरी असतोच.

आता पाहुणा पुरुष दुसऱ्याच्या घरी पाय पसरून बसतो. पाहुणी बाई कशी बसणार? घरातली बाई म्हणते, "ताई, तुमी बसा हो, तुमी पाहुण्या," आणि असं म्हणता म्हणता पोळपाट पाहुणीच्या पुढ्यात कसा सरकतो, हे आजवर कुणालाच दिसलेलं नाही.

तर गीताबाईची एकच हौस होती. आयुष्यात एक रात्र अशा जागी झोपायचं, जिथं तिला चूल दिसणार नाही. ताट समोर येईल, ती जेवेल, आणि ताट उचलून दुसरंच कुणीतरी नेईल. ऐंशी साड्या मागितल्या नव्हत्या बाईनं, की सोन्याचा गोठ मागितला नव्हता. पण हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त सुनेला, शुभदाला, ते पण शेंगा फोडता फोडता.

शुभदा पोटात ठेवणारी नव्हे. तिनं रात्रीच नवऱ्याच्या कानावर घातलं. धम्मदीप पुण्याला कंपनीत आहे, त्याला सुट्टी होती, त्यानं ओमानचा बेत काढला. इकडं वाळवंट, तिकडं समुद्र, दोन्ही एकाच देशात. आणि आईला म्हणाला, "फिरायचं कुठं ते मी बगतो. उतरायचं कुठं ते तू ठरव."

झालं! बाई कामालाच लागली. रोज दुपारी सासूसुना फोन घेऊन बसायच्या. शुभदा खोल्यांचे फोटो दाखवायची आणि गीताबाई चष्मा चढवून कानाकोपरा धुंडाळायची.

"आत्या, ही बघा, समुद्राकाठी. आत छोटं किचनपण आहे."

"पुढचं."

"ही मस्तय. पाणी बघा किती निळं."

"पाणी ऱ्हाऊ दे. ती टेबलावर किटली काय करायलीय?"

"चहाला असते ती, आत्या. ज्याचा त्यानं करून घ्यायचा."

"ज्याचा त्यानं म्हंजी मीच. पुढचं!"

एका बंगल्याच्या गच्चीवर मांस भाजायची शेगडी होती, तो तिथंच बाद झाला. एका हॉटेलात म्हणे पाहुण्यांना तिथला स्वैपाक शिकवायचे, वर त्याचे पैसे घ्यायचे. हे ऐकून गीताबाईला ठसकाच लागला. "पैसे घेऊन राबवून घेत्यात? आन लोक जात्यात?" शेजारची सविता मधूनच डोकावून म्हणायची, पोहायचा तलाव असलेलं घ्या. गीताबाई म्हणाली, "बाई, मला बुडायचं न्हाई, बसायचंय."

शेवटी तीन जागा ठरल्या. मस्कतला एक हॉटेल, सूर नावाच्या गावाला समुद्रासमोर एक, आणि शेवटची रात्र वाळवंटातल्या तंबूत. तंबूवर तिचा भारी जीव. फोटोत नुसती वाळू, तंबू, आणि तंबूत पांढऱ्या चादरीचा पलंग.

"चूल?" तिनं विचारलं.

"दिसत नाही."

"वट्टा?"

"नाही आत्या."

"पूर्णेचं माणूस?"

शुभदा हसून लोळायची बाकी राहिली. चंद्रभानराव तेव्हा ओसरीवर फोनवर बोलत होते. कुणाशी, ते कुणी विचारलं नाही. तिथंच चुकलं.

मस्कतच्या विमानतळावरून हे चौघं बाहेर येतात तो समोर हार घेऊन एक गडी उभा. "जय भीम, मामा! मी बन्सीधर, पूर्णेच्या दत्तराव गार्डांचा जावई."

चंद्रभानरावांनी त्याला मिठी मारली, जन्मल्यापासून मांडीवर खेळवल्यासारखी. धम्मदीप म्हणाला, "आमचं हॉटेल बुक हाय." बन्सीधरचा चेहरा पडला. "लॉजवर? आन आमी काय मेलाव का?"

गीताबाईनं नवऱ्याकडं बघितलं. नवरा छताकडं बघत होता.

हॉटेलातली पांढरी चादर त्या रात्री घडीच्या घडी राहिली. बन्सीधरची बायको म्हणाली, "मावशी, तुमी बसा हो," आणि पोळपाट सरकला. बातमी फुटली, तशी नांदेड-परभणीची होती नव्हती ती सगळी मंडळी भाकरी-ठेच्याला गोळा झाली. गीताबाईला मस्कत दिसलं ते स्वैपाकघराच्या खिडकीतून : एक भिंत, आणि भिंतीवर एसीचं घरघरणारं खोकं. धम्मदीप एकदा "बाबा, हे काय?" म्हणाला. पण लेक कुणाचा? तोही दोन भाकरी जास्तच जेवला.

दुसऱ्या दिवशी गाडीत तिनं नवऱ्याला धरला. "आज कुणाला फोन केलाव तर बगा!"

"आज मी फोनला हात बी लावला न्हाई," चंद्रभानराव छातीवर हात ठेवून म्हणाले. अन् ते खरंच होतं. फोन पूर्णेहूनच झालेला होता.

सूरला हॉटेलच्या दारात अफसरभाई हजर. हे मूळचे परभणीचे, यांचा मामा पूर्णा स्टेशनवर चहा विकायचा. "भाभी, घर छोडके होटल? तोबा तोबा!" त्यांची बायको शमीम लय मायाळू. तिनं गीताबाईला जवळ बसवलं, ओटी भरल्यागत खजूर दिले, आणि हळूच म्हणाली, लहानपणी शेजारच्या काकूंकडं पुरणपोळी खायचे, इथं तशी कुणालाच जमत नाही. आता अशा बाईला नाही कसं म्हणायचं? पुरण वाटता वाटता गीताबाईनं समुद्र ऐकला. बघायला चंद्रभानराव गेले होते. येऊन म्हणाले, "लय मोठाय गं. तू बगायला पायजे होतंस."

तिनं लाटणं खाली ठेवलं. घरात परकी माणसं होती म्हणून ठेवलं, एवढं लक्षात घ्या.

आता उरला तंबू. उद्या परतीचं विमान. वाळूत गाडी शिरली तशी गीताबाई मान वळवून वळवून बघायला लागली, कुठून कोण हार घेऊन येतंय. कुणीच आलं नाही. नुसती वाळू, जिकडं बघावं तिकडं. मुक्कामाच्या जागी एक मल्याळी पोरगा होता, त्यानं सरबत दिलं, ग्लास परत नेला. ग्लास परत नेला! गीताबाई तंबूत गेली, चादरीवर हात फिरवला, बाहेर येऊन खुर्चीत बसली. तिला इतकं बरं वाटलं की तिनं चप्पल काढून पाय वाळूत खुपसले.

इकडं चंद्रभानरावांची तगमग सुरू झाली. या तंबूतून त्या तंबूत. "भाई, कौन गाव?" केरळ. "आप?" बांगलादेश. दोन गोऱ्या म्हाताऱ्यांनाही विचारलं. कुठलं उत्तर ओळखीचं येईना. साहेबांचं तोंड एवढंएवढंसं झालं. शेवटी त्यांनी उंटवाल्याला गाठलं. तो तिथलाच, त्याला यातलं काही कळेना. त्याला वाटलं, गिऱ्हाईक आहे. त्यानं साहेबांना धरून उंटावर बसवलं. उंट आधी मागून उठला, साहेब पुढं कोसळले; मग पुढून उठला, साहेब मागं. "आरं थांब, मला फकस्त गाव विचारायचंय!" असं ओरडत चंद्रभानराव वाळूच्या टेकाडामागं दिसेनासे झाले. शुभदा हसून हसून रडायला लागली. गीताबाईनं दुसरं सरबत मागवलं.

आणि थोड्या वेळानं साहेब पळत आले. टोपी गेलेली, धोतर असतं तर तेही गेलं असतं. "सापडला! अगं, सापडला!"

टेकाडामागं स्वैपाकाचा तंबू होता. तिथला आचारी हनीफ, तो नांदेडपलीकडच्या बोधनचा. मुंबईला जाताना त्यानं एकदा पूर्णेला गाडी बदलली होती.

"बस, एवढंच?" धम्मदीप म्हणाला.

"एवढंच? पूर्णेला गाडी बदललेला माणूस परका हाय का रे? आपल्या फाटकाशी चहा प्यालाय तो! आन बिचारा सोताच्याच हातचं खाऊन कट्टाळलाय. त्याच्याकडं ज्वारीचं पीठ बी हाय. उठ गं, मी शब्द दिलाय त्याला. चार भाकरी थाप."

गीताबाईला राग आला, असा की कानशिलं तापली. हैदराबाद आठवलं, वेरूळ आठवलं, काल न पाहिलेला समुद्र आठवला. पण ती ओरडली नाही. पाय वाळूत आणखी खोल घातले.

"मी न्हाई येणार."

चंद्रभानरावांना वाटलं, वाऱ्यानं नीट ऐकू आलं नाही. "अगं, पाहुण्यानं जरा हात लावला तर बिगडतं काय?"

"पाहुणे? आपण इथं कुणाचे पाहुणे हाव?"

साहेबांनी तोंड उघडलं. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या जिभेवर नाव येईना. "कुणाचे म्हंजी... तसं बगितलं तर..."

"माझे," गीताबाई म्हणाली. "ही जागा म्या धुंडली. तुमी माझ्याकडं उतरलाव. आन माझ्याकडं आलेल्या बाईला मी चुलीपाशी जाऊ देत नसते."

"कोणती बाई?"

"मीच की!"

धम्मदीपनं खाली मान घातली. चंद्रभानराव एकदा बायकोकडं, एकदा टेकाडाकडं बघत उभे राहिले. "मंग माझ्या शब्दाचं काय?"

"शब्द कुणी दिला?"

"मी."

"मंग तुमीच थापा."

काय करतात! टीसीनं दिलेला शब्द. गेले बिचारे. टेकाडामागून आवाज येऊ लागले. आधी हनीफचा, "साहब, पानी जादा हुआ." मग, "साहब, अब आटा जादा हुआ." मग काहीतरी पडल्याचा, आणि मग साहेबांचा, "आई गं, हात!" गीताबाईचं बूड खुर्चीतून एकदा हललं, खोटं कशाला बोला. पण तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले आणि बसून राहिली.

सूर्य बुडता बुडता चंद्रभानराव आले. मिशीला पीठ, बोटांना चटका, हातात ताट. ताट त्यांनी तिच्या पुढ्यात ठेवलं, आणि बसायचं सोडून समोर उभेच राहिले.

"कशी झालीय?"

गीताबाईनं तुकडा मोडला. कडा करपलेल्या, मधे पीठ. ती सावकाश चावत राहिली.

"कच्ची हाय," ती म्हणाली, आणि ताट पुढं केलं. "आणखी एक आणा."