चादर झटकायचं काम

आमची ताई मोठ्या दवाखान्यात कामाला होती, म्हणजे खाली कपडे धुवायच्या खोलीत. लोकांना वाटायचं नर्स आहे. ती पण नुसती गालात हसायची. माझ्यापेक्षा मोठी आणि तोंडानं फटकळ.

वॉर्डातनं चादरींचे ढीग खाली यायचे. मशीनमध्ये टाकायच्या आधी एकेक चादर झटकायची, अशी तिथली पद्धत. कारण चादरीत काय वाट्टेल ते निघायचं. चमचे, सुया, एकदा तर कुणाची कवळी. ताई म्हणाली, "आजोबा घरी गेले, दात इथंच कामाला राहिले." एक चमचा आत गेला की मशीन बंद, आणि मग मुकादम दिवसभर डोकं खायचे.

साथ आली, त्या पेशंटांच्या चादरी खाली यायला लागल्या, तरी झटकणं चालूच. मास्क वर वॉर्डातच संपायचे, खाली यायचेच नाहीत. ताई तोंडाला रुमाल बांधायची. आधी त्या खोलीतल्या दोघी गेल्या, मग ताई गेली. तिघी पन्नाशीच्या पुढच्या.

मुकादम म्हणाले, धुणारी माणसं पेशंटजवळ जातच नाहीत, घरनंच लागण झाली असणार. घरात मी आणि ताईची पोरगी, आम्हाला साधी शिंक पण नव्हती. ते सांगितलं तर म्हणाले, वय पण झालं होतं ना त्यांचं. हे मला खटकलं. ताईच्या वयाच्या डॉक्टरांना दवाखान्यानं घरी बसवलं होतं, फोनवर औषधं सांगा म्हणून. ताईनंच सांगितलेलं. मग ताईचं वय यांना ती मेल्यावरच कसं दिसलं?

आणि हेच मुकादम मग एक दिवस घरी आले. आईच्या जागी पोरीला घेतो म्हणाले. चहा घेतला, गोड गोड बोलले. तो माणूस गोड बोलणाऱ्यातला नाही, म्हणून मला तिथंच शंका आली. पण पोरीला काम पाहिजे, घरात दुसरं कमावणारं कोण आहे. मी म्हटलं, आधी खोली बघू.

गेलो आम्ही दोघी. ढीग तसाच पडलेला. मी मुकादमांना म्हटलं, "भाऊ, एक चादर झटकून दाखवा की, पोरगी शिकेल."

ते हसले. मग दाराकडं सरकले आणि आतल्या एका बाईला म्हणाले, तू दाखव गं. त्या बाईचे सगळे केस पांढरे.

पोरीनं ते बघितलं. म्हणाली, "काका, मी येते कामाला. पण झटकणार नाही. मशीन बिघडलं तर बिघडू दे."

"बघू," म्हणाले.

आता जाते ती. संध्याकाळी आली की मी दारातच विचारते, झटकलीस का. नाही म्हणते, आणि माझ्याकडं न बघता हात धुवायला जाते. पण मशीन काही अजून बंद पडलेलं नाही. मग ते चमचे काढतंय कोण?